नव्या बाई

गाडी चालवता येणं आणि रस्ता माहीत असणं या दोन अगदी वेगळ्या विद्या आहेत. दोन्ही एकाच माणसाच्या ठायी नांदल्याचं उदाहरण निदान आमच्या घराण्यात तरी नाही. गाडी मी चालवतो. मी ऑफिसात असलो की सौ. चालवते. रस्ता मात्र बाकीच्यांना माहीत असतो. बाकीचे म्हणजे शेजारच्या सीटवर बसलेले आमचे अण्णा, मागं कानात बोंडं खुपसून बसलेली कन्या, आणि काचेबाहेरचा उभा महाराष्ट्र.

काचेबाहेरच्या महाराष्ट्राचं एक बरं असतं. तो विचारल्याशिवाय सांगत नाही. विचारल्यावर मात्र हातानं एक सांगतो आणि तोंडानं एक. 'सरळ जावा' म्हणताना ज्याचा हात उजवीकडे वळत नाही, असा गृहस्थ मला सातारा रस्त्यावर अजून भेटायचाय. वर 'तिथं कुणालाबी विचारा' असंही सांगतो. म्हणजे आत्तापर्यंत आपण ज्याच्याशी बोलत होतो तो 'कुणीबी' नव्हता, हे आपल्याला उशिरा कळतं. आमच्या पुण्याच्या पेठांत तर पत्त्याआधी आपलीच चौकशी होते. "कुणाकडे जायचंय? अहो, ते तर कालच मुलीकडे नागपूरला गेले!" आता ही माहिती कुठल्या यंत्रानं दिली असती, सांगा!

अण्णांची गोष्ट निराळी. अण्णांना विचारावं लागत नाही.

आमचे अण्णा बांधकाम खात्यात होते. हल्ली त्याला सार्वजनिक बांधकाम विभाग म्हणतात, पण अण्णांच्या लेखी ते अजून 'बी अँड सी'च आहे. ओव्हरसियर म्हणून चिकटले आणि डेप्युटी इंजिनिअर होऊन निवृत्त झाले. मधली सारी वर्षं पुणे आणि सातारा जिल्ह्यांत खडीचे ढीग मोजण्यात गेली. रस्ता म्हणजे दोन गावांना जोडणारी वस्तू, अशी तुमची-माझी समजूत असते. अण्णांच्या मते रस्ता म्हणजे दोन मोऱ्यांच्या मधली जागा. मोरी म्हणजे ओढ्यानाल्याचं पाणी पलीकडे जावं म्हणून रस्त्याखालून काढलेली वाट. हे एवढ्यासाठी सांगतो की आमच्या लग्नात सौ.च्या मावशींनी 'व्याही काय करतात?' असं विचारल्यावर अण्णांनी छाती काढून सांगितलं होतं, "आजवर दीडशे मोऱ्या बांधल्यात." मावशींचा चेहरा उतरला. पोरीला ज्या घरी दिली तिथं दीडशे मोऱ्या आहेत म्हटल्यावर धुणीभांडी किती असतील, याचा त्या बिचाऱ्या रात्रभर हिशेब करत होत्या म्हणे.

अण्णा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीपासून एक गंमत झालीय. गंमत म्हणायची आपली. त्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण १९६८ साली कोणत्या मुकादमानं कोणत्या घाटात किती ब्रास खडी कमी टाकली ते तारखेनिशी आठवतं. त्यामुळे गाडीत त्यांचं मार्गदर्शन थोडं जुन्या आवृत्तीवरून चालतं. "त्या वडापाशी डावी घे," असं ते म्हणतात. वड रस्तारुंदीत गेला त्याला पंधरा वर्षं झाली. पण अण्णा इतक्या खात्रीनं बोट दाखवतात की मला क्षणभर पारंब्यासुद्धा दिसतात.

मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागतं. हे काम सौ.चं. एका मंगळवारी अण्णांच्या आज्ञेवरून तिनं गाडी घातली ती थेट एकेरी रस्त्यात, उलट्या बाजूनं. समोर पोलीस. अण्णांनी काच खाली केली आणि त्याला समजावून सांगितलं, "हा रस्ता दुहेरी आहे. आमच्याच खात्यानं केलाय." पोलीस भला माणूस होता. त्यानं अण्णांना नमस्कार केला आणि सौ.ला पावती दिली.

त्या रात्री सौ.नं जाहीर केलं, "गाडीत तो नकाशाचा डबा बसवून घ्यायचा."

"आणि अण्णांना काय सांगायचं?"

"गाण्यांचा आहे म्हणून सांगायचं. खोटं कुठंय? गाणी पण लागतातच की त्याच्यावर."

तर अशा रीतीनं, गाण्यांचा म्हणून सांगून रस्ता दाखवणारा डबा बसवण्यासाठी आम्ही एका रविवारी नाना पेठेत दाखल झालो. गाड्यांचे सुटे भाग हवे असले की पुणेकर नाना पेठ गाठतो. नको असले तरी तिथं गेल्यावर हवे होतात. अण्णा बरोबर होतेच. जिथं काहीतरी उघडलं जाणार आणि पुन्हा बसवलं जाणार, तिथं ते देखरेखीला हजर असतात.

मालकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "सिंगल डिन की डबल डिन?"

आता एका डब्यासाठी चौदा-पंधरा हजार मोजायला आलेला माणूस तसा दीन असतोच, पण तो एकपट की दुप्पट हे सर्वांदेखत विचारायचं म्हणजे फार झालं. मग कळलं की हे जर्मन प्रकरण आहे. वस्तूंची मापं ठरवून देणारी जर्मनीत एक संस्था आहे, तिच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे 'डिन'. गाडीतल्या रेडिओचं भोक १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असावं, असं या मंडळींनी ठरवलं आणि बहुतेक जगानं ते मुकाट्यानं ऐकलं. उंची १०० झाली की डबल डिन. अण्णांनी खिशातून टेप काढली. (ती त्यांच्या खिशात असते. रुमाल नसतो, टेप असते.) आमच्या गाडीतलं भोक मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाले, "एकशे ऐंशी बाय शंभर. बरोबर. एम.बी.त नोंद करायला हरकत नाही." एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक. खात्यातून निवृत्त झालेला माणूस तिच्यातून निवृत्त होत नाही.

डबा बसवायला जो पोरगा आला तो जेमतेम एकोणीस वर्षांचा असेल. त्याच्या हातात प्लॅस्टिकची एक चपटी पट्टी होती. ती त्यानं डॅशबोर्डच्या फटीत घातली आणि 'कट्' असा आवाज आला. गाडीचे हप्ते ज्यानं स्वतः फेडले आहेत त्यालाच त्या आवाजाचा अर्थ कळेल. "काय तुटलं?" मी विचारलं. "खिट्टी आहे काका, आवाज करतेच." पुन्हा 'कट्'. पुन्हा 'कट्'. तिसऱ्या कट्ला मी बाहेर जाऊन चहा सांगितला.

परत येतो तो गाडीची छाती उघडी आणि आतून जुना सीडी प्लेअर बाहेर. त्याच्या पोटात एक तबकडी अडकून पडली आहे हे आम्हांला ठाऊक होतं. ती ना वाजत होती, ना बाहेर येत होती. तिच्यावरून घरात वाद होते. सौ.च्या मते ती भीमसेन जोशींच्या अभंगांची होती, कन्येच्या मते बालगीतांची, आणि मला वाटे की बँकेनं ग्राहकमेळाव्यात वाटलेली असावी. पोरानं चार स्क्रू काढून ती अलगद उपसली. तिच्यावर मेव्हण्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'मुंज. मे २०१५. मूळ प्रत. कुणालाही देऊ नये.'

सौ. खुर्चीत बसली. या मुंजीच्या सीडीपायी आमचं आणि वाईकर मेव्हण्याचं २०१५ पासून धड बोलणं नव्हतं. 'आमची सीडी तुम्ही पाहायला म्हणून नेलीत आणि हरवलीत' हे वाक्य प्रत्येक लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढेपर्यंत हमखास यायचं. मुंजीसाठी आमची गाडी आठवडाभर नेली होती ती त्यानंच, आणि व्हिडिओची तबकडी गाण्यांच्या फटीत कोंबली होती तीही त्यानंच! सौ.नं ती पदराच्या टोकानं पुसली आणि पर्समध्ये अशी ठेवली, की कोर्टातला कारकून मुद्देमाल तशी ठेवील.

डब्याच्या पाठीमागं वायरींचा हा एवढा जुडगा असतो. पोरगा अण्णांना वायरी समजावून सांगू लागला, कारण ऐकणारे तेच होते. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या स्पीकरच्या, पुढचे दोन आणि मागचे दोन. काळी अर्थिंगची. तांबडी किल्लीची, किल्ली फिरवली की तिच्यात वीज येते आणि डबा जागा होतो. आणि पिवळी थेट बॅटरीची, तिच्यात अष्टौप्रहर वीज.

"गाडी बंद असताना हिला वीज कशाला?" अण्णा.

"आठवणीसाठी, आजोबा. घड्याळ, सेटिंग, आवाज, सगळं हिच्यावर लक्षात राहतं. पिवळी निघाली की डबा सगळं विसरतो."

अण्णांनी पिवळी वायर चिमटीत धरून नीट पाहिली. काही बोलले नाहीत.

आणखी एक हिरवट वायर होती, ती हँडब्रेकची. गाडी चालू असताना पडद्यावर सिनेमा दिसू नये, म्हणून ही वायर असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच चित्र लागतं. पोरगा सहज म्हणाला, "ही आपण अर्थला मारून टाकतो. मग चालत्या गाडीत पण पिक्चर बघा." सगळे असंच करतात म्हणे. सौ. म्हणाली, "तू ती जिथली तिथं लाव. माझ्या घरात चालत्या गाडीत बघायला पुढचा रस्ता आहे." पोरानं निमूटपणे लावली. दुकानात असं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच येत असावं.

खरा पेच आला तो अँटेनाचा. डब्याला आपण कुठं आहोत हे समजायला आकाश दिसावं लागतं. त्यासाठी काळ्या वड्यांएवढा एक चौकोनी ठोकळा असतो, तो समोरच्या काचेखाली ठेवायचा. तिथं मधोमध आमचा गणपती. पोरगा गणपतीला हात घालणार, एवढ्यात सौ. आणि अण्णा एकदमच ओरडले. बरीच वाटाघाट होऊन ठोकळा गणपतीच्या पाठीशी चिकटवण्यात आला. आता वीस हजार किलोमीटर उंचीवरून निघालेला संदेश आधी गजाननाला पोचतो, मग आम्हांला.

ही वीस हजारांची बाब मात्र खरी आहे. अमेरिकेचे हे जी.पी.एस.चे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून दिवसाला दोन प्रदक्षिणा घालतात. त्यांतले निदान चार एका वेळी 'दिसले' तर डब्याचा हिशेब जमतो. त्या उपग्रहांना रस्ता वगैरे काही ठाऊक नसतो. ते बिचारे फक्त आपापली वेळ सांगत असतात. वेळ पोचायला किती वेळ लागला, यावरून डबा अंतर काढतो. आणि वरची घड्याळं खालच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं जातात, हे आइन्स्टाईनच्या सिद्धांतावरून आधीच काढून ठेवलेलं आहे. ते दुरुस्त केलं नाही तर चूक दिवसाला दहा किलोमीटरच्या आसपास साचत जाते. आमच्या अण्णांचं घड्याळ गेली चाळीस वर्षं पाच मिनिटं पुढं आहे. तेवढ्यात ते कुठल्या कुठं पोचले असते! मे २००० पर्यंत तर अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठी या संदेशात मुद्दाम गोंधळ मिसळत असे, त्यामुळे शंभरेक मीटरचा फरक पडायचा. शंभर मीटर म्हणजे काय हे सदाशिव पेठेत राहणाऱ्यालाच विचारा. तेवढ्यात चार वाडे, दोन खानावळी आणि एक शत्रुत्व मावतं.

शेवटी मागचा कॅमेरा बसला, सगळं मिटलं, आणि पोराच्या तळहातावर दोन स्क्रू उरले. "जास्तीचेच असतात," तो म्हणाला. अण्णांनी ते मागून घेतले आणि कागदात बांधून वर तारीख घातली.

मागच्या कॅमेऱ्यामुळे आमच्या सोसायटीच्या रखवालदारावर गदा येईल, असं मला वाटलं होतं. गाडी मागं घेताना 'येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!' असं ओरडायचं काम त्याचं. त्याचं 'बास' नेहमी भिंतीनंतर यायचं ही गोष्ट वेगळी. पण तो अजूनही गाडीमागं उभा राहून तसाच ओरडतो. फरक इतकाच, की आता तो ओरडताना पडद्यावर दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर डबा सर्व काही विसरलेला. तो कोण, आम्ही कोण, तारीख काय, कशाचाही पत्ता नाही. भाषा विचारू लागला, तीही चिनी लिपीत. सगळं पुन्हा भरलं. संध्याकाळी पुन्हा कोरा. तिसऱ्या दिवशी पोरगा स्वतः आला, पाठीमागं हात घातला आणि म्हणाला, "पिवळी आणि तांबडी उलटसुलट झाली होती." दोन मिनिटांचं काम. अण्णा पायरीवर उभे राहून पाहत होते. पोरगा निघाला तसं त्यांनी विचारलं, "माणसात कुठल्या बाजूला असते रे ही पिवळी?" पोरगा हसला. आम्हीही हसलो. अण्णाही हसले. मग सौ.नं सगळ्यांना चहा केला; वेळ चहाची नव्हती.

आता डबा बोलू लागला. आवाज बाईंचा. कन्येनं आधी हिंदी लावून दिली. 'दो सौ मीटर बाद बाएँ मुड़ें,' म्हटल्याबरोबर अण्णा दचकले, "काय मोडलं?" म्हणून इंग्रजी लावली. इंग्रजी बाईंचे उच्चार साक्षात राणीच्या दरबारातले. खेड शिवापूरचं त्यांनी 'खेड शायवापर' केलं आणि वडगाव बुद्रुकचं जे केलं ते मला लिहून दाखवता येणार नाही.

पहिल्याच फेरीत अण्णांनी विचारलं, "गाणं कधी लागणार? बाई नुसत्याच बोलतायत."

"निवेदन आहे अण्णा," सौ. म्हणाली. "आधी निवेदन असतं."

रेडिओवरच्या माणसाला हे पटण्यासारखं होतं. अण्णांनी दोन दिवस निवेदन ऐकलं. तिसऱ्या फेरीला म्हणाले, "या बाईंच्या निवेदनात रस्त्याचाच विषय फार येतो." मग थोड्या वेळानं, "आणि त्या 'टर्न लेफ्ट' म्हणाल्या की तू डावीकडे वळतेस."

यावर सौ.कडे उत्तर नव्हतं. अण्णांनीही मागितलं नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे गाडीत बाई तेवढ्या बोलत होत्या. घरापासून दवाखान्यापर्यंत अण्णांनी चकार शब्द काढला नाही. वड नाही, नाका नाही, मुकादम नाही. सौ. एका शुक्रवारी परत आली आणि गॅस बारीक करत म्हणाली, "आज मी वळण चुकले. बाई सांगत होत्या, पण माझे कान दुसऱ्या बाजूला होते." एकेरी रस्ता नाही, पोलीस नाही, पावती नाही. ज्यासाठी डबा घेतला ते सगळं साधलं होतं, आणि घरात कुणी डब्याचं नाव काढत नव्हतं.

अशात वाईला मेव्हण्याकडे वास्तुशांत निघाली. मुद्देमाल हाती असल्यामुळे सौ. कधी नव्हे ती माहेरी जायला उत्सुक. निघताना अण्णांनी स्वतःच मागचं दार उघडलं आणि सौ.ला म्हणाले, "तू बस पुढं." अण्णा मागच्या सीटवर! मी गाडी घेतल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. टेप खिशात होती, पण हात मांडीवर.

मोटारीत नकाशा लावायची हौस तशी जुनी आहे. १९८१ साली जपानात होंडा कंपनीनं एक यंत्र काढलं होतं. त्यात उपग्रह नव्हते, गाडीचं वळणं आणि अंतर मोजून ते पारदर्शक नकाशावर ठिपका दाखवायचं. नकाशाचा कागद संपला की दुसरा सरकवायचा. १९८५ साली अमेरिकेत 'ईटॅक' नावाचं यंत्र आलं, त्याचे नकाशे चक्क कॅसेटवर! हे ईटॅक नाव घेतलं ते प्रशांत महासागरातल्या नावाड्यांच्या विद्येवरून. ते लोक म्हणे असं धरून चालत की आपली होडी जागच्या जागी आहे, आणि बेटंच सरकत मागं जातायत. मी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आपण तरी काय करतो? आपण कापूरहोळला पोचतो थोडेच! कापूरहोळ येतं. 'नसरापूर आलं', 'कापूरहोळ आलं'. अण्णा आपल्या सीटवर बसलेले असतात आणि गावं एकेक करून त्यांना भेटायला येतात.

तर कापूरहोळ आलं. बाई म्हणाल्या, सरळ. म्हणजे हमरस्त्यानं खंबाटकी चढून सुरूर फाट्यावरून वाई. शहाण्या माणसाचा रस्ता. मी सरळच निघालो होतो, एवढ्यात मागून आवाज आला, फार मोठा नाही.

"उजवीकडे."

उजवीकडे भोर. भोरवरून आंबाडखिंडीचा घाट, मांढरदेव, आणि पलीकडे उतरलं की वाई. रस्ता आहे; नाही असं नाही.

"अण्णा, बाई सरळ म्हणतात," सौ. म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिनं ओठ चावला.

अण्णा थोडे पुढं झुकले. "त्यांची नुकतीच बदली झालेली दिसते," ते म्हणाले. "रस्ता पाठ केलाय त्यांनी, पाहिलेला नाही."

मी उजवा दिवा लावला.

बाईंनी शांतपणे सांगितलं, मागं वळा. पुढच्या चौकात पुन्हा सांगितलं. चारदा सांगून झाल्यावर गप्प झाल्या आणि बिनतक्रार नवा रस्ता आखून दिला. अण्णा खूष. "बरी आहे. चूक काढली तरी उलट बोलत नाही. खात्यात अशी माणसं मिळत नव्हती." भोर मागं पडल्यावर एका वळणाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि पुढं येऊन बसले. सौ. मागं गेली. कुणी काही ठरवलं नव्हतं.

घाटात फोनची रेंज गेली. त्याबरोबर पडद्यावरचा नकाशाही गेला. नुसता करडा कागद आणि त्यावर एक निळा बाण. उपग्रह वरून इमानेइतबारे वेळ सांगत होते, डब्याला आपण कुठल्या अक्षांश-रेखांशावर आहोत हे अचूक कळत होतं. पण तिथं काय आहे ते माहीत नव्हतं. अण्णांचं नेमकं उलटं. "या घाटात माझ्या अकरा मोऱ्या आहेत," त्यांनी जाहीर केलं. "ही पहिली."

मला तिथं रस्त्याकडेला गवताखेरीज काही दिसलं नाही. खाली उतरलो, गवत बाजूला सारलं, तर खरोखरच घडीव दगडांची सुंदर कमान! आत गार, ओलं आणि स्वच्छ. कन्येनं कानातली बोंडं काढली. "आजोबा, ही तुम्ही बांधली?" मग दुसरी. तिसरी. प्रत्येकीची हकीगत होती. एकीचा पाया तीनदा खणावा लागला होता, एकीच्या वेळी पावसात अख्खी छावणी वाहून गेली होती, पाचवीवर मुकादमानं दगडांत हात मारला होता आणि अण्णांनी ती पाडून पुन्हा बांधायला लावली होती. कन्या प्रत्येक ठिकाणी उभी राहून फोनमध्ये खूण करत होती: 'मोरी १', 'मोरी २'. नावं देवनागरीतच लिहिली.

दहा सापडल्या. अकरावीच्या जागी रस्ता रुंद केलेला, भराव टाकलेला आणि वर चहाची टपरी. "इथंच," अण्णा म्हणाले. आम्ही चौघांनी शोधलं. टपरीवाल्यानंही शोधलं. कमानीचा एक दगडही दिसला नाही. "इथंच आहे," अण्णांनी पुन्हा सांगितलं आणि टपरीच्या बाकाकडे बोट दाखवलं. कन्येनं वाद न घालता बाकापाशी जाऊन 'मोरी ११' अशी खूण केली.

वाईला पोचलो तेव्हा वास्तुशांतीचे ब्राह्मण जेवून हात धूत होते. सौ.नं भर पंगतीत सीडी काढून मेव्हण्याच्या पानाशी ठेवली. तो अक्षर ओळखून जो गप्प झाला तो मठ्ठ्यापर्यंत गप्पच. नंतर सगळ्यांना मुंज पाहायची हुक्की आली, तेव्हा असं लक्षात आलं की सीडी लावायचं यंत्र त्या नव्या कोऱ्या घरात कुणाकडेच नाही.

डबा आता रुळलाय. मंगळवार-शुक्रवारी बाई आणि अण्णा दोघंही बोलतात, आणि सौ. दोघांचं ऐकून आपल्याला हवं तिकडे वळते. मांढरदेवाच्या बाजूला आम्ही त्यानंतर दोनदा जाऊन आलो. कन्येनं खुणा करून ठेवल्यामुळे बाई आता एकही मोरी चुकवत नाहीत. 'यू हॅव अराइव्हड अ‍ॅट मोअरी सेव्हन,' असं राणीच्या दरबारातल्या आवाजात म्हणतात, आणि अण्णा मान डोलावतात. अकरावीला आम्हांला नेऊन घालतात थेट टपरीच्या बाकापुढं. टपरीवाला ओळखीचा झालाय. गाडी दिसली की चार चहा टाकतो, त्यांतला एक बिनसाखरेचा. अण्णा कप हातात घेतात, गुडघ्यावर हात ठेवून बाकाखाली वाकतात, कान देऊन बराच वेळ ऐकतात आणि म्हणतात, "पाणी जातंय."